लोणीची करडई आणि कोरियातली नवरी

इंदापूरला कोणी हौसेनं फिरायला जात नाही. जातात ते लग्नाला, मयताला, नाहीतर तहसील कचेरीत. मी शहाण्णवच्या जानेवारीत तिकडं गेले ती करडईची फुलं आणायला. हे ज्याला सांगितलं तो आधी माझ्या तोंडाकडं बघायचा आणि मग माझ्या पिशवीकडं. पुण्याच्या स्टँडवर शेजारी बसलेल्या बाईनं तर हळूच आपलं गाठोडं पलीकडं सरकवलं.

आता करडई कशाला, ते आधी सांगते. त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

आदल्या वर्षी सहा महिने मी कोरियात होते. माझा मुलगा अविनाश तिथल्या एका बंदराच्या गावी, जहाजं बांधतात तिथं, तपासणीच्या कामावर होता. नवरा जाऊन मला दोन वर्षं झाली होती. "आई, पुण्यात एकटी काय करतेस? ये इकडं," म्हणाला. गेले. तिथं कळलं की पुण्यातला एकटेपणा बरा. निदान भाजीवाल्याशी भांडता तरी येतं. पोरगा सकाळी सातला बाहेर पडायचा तो रात्री आठला उगवायचा. मधले तेरा तास मी आणि खिडकी. कधीकधी मी मोठ्यानं स्वतःशीच बोलायचे, आवाज शाबूत आहे का ते बघायला.

खाली घरमालकीण राहायची, सत्तरी ओलांडलेली. तिथं आजीला हाल्मोनी म्हणतात, म्हणून मीही हाल्मोनी म्हणायचे. एके सकाळी ती वर आली, माझं मनगट धरलं आणि चक्क ओढत मला गावातल्या न्हाणीघरात घेऊन गेली. बाई बाई बाई! पन्नासेक बायका आणि एकीच्या अंगावर चिंधी नाही. मी भिंतीकडं तोंड करून उभी. हाल्मोनीनं मला पाटावर बसवलं, हाताला खरखरीत कापडाची पिशवी चढवली आणि माझी पाठ अशी घासली की मळाच्या वळकट्या निघाल्या. मग तिनं स्वतःची पाठ माझ्यापुढं केली. तिथं रिवाजच आहे. एकटी आलेली बाई शेजारच्या अनोळखी बाईला विचारते, मी तुमची पाठ घासते, तुम्ही माझी घासाल का. आपला हात आपल्या पाठीला पोचत नाही, इतकं साधं कारण. पण दोन वर्षांत माझ्या पाठीला कोणाचा हात लागला नव्हता. मी रडले. पाणी वाहत होतं, कोणाला कळलं नाही.

तेव्हापासून मी रोज खाली जायला लागले. भाषा नाही, खुणा आणि रविवारी अविनाश. ही म्हातारीसुद्धा विधवाच, नवरा जाऊन तीस वर्षं झालेली. पण रोज सकाळी मुगाच्या पिठानं तोंड धुणार, वरून तांदळाच्या धुवणाचं पाणी मारणार, आणि केसांना तेल चोपडून असा भांग पाडणार की एक बट इकडची तिकडं नाही. मी एकदा विचारलं, कोणासाठी करता हे सगळं? तिला प्रश्नच कळला नाही. अविनाशनं दोनदा सांगितलं, तरी नाही. "तोंड आहे ना, मग ते धुवायचं," एवढंच म्हणाली.

तिच्याकडून मी ऐकलं की फार पूर्वी पावडरी विकणाऱ्या बायका टोपली घेऊन घरोघर आतल्या दालनापर्यंत जायच्या, कारण थोरामोठ्यांच्या लेकीसुनांना बाहेर पडता येत नसे. तिच्या लहानपणी ढोलकं वाजवत क्रीमवाला यायचा आणि घरच्या वाटीत पळीनं क्रीम घालून द्यायचा. जपान्यांच्या राज्यात चेहऱ्याला घट्ट चिकटणारी एक पांढरी पावडर निघाली. सगळ्या बायका वेड्या झाल्या तिच्यापायी. त्यात शिसं होतं. हाल्मोनीच्या थोरल्या बहिणीच्या तोंडाची कातडी त्यानं काळीनिळी पडली आणि ठरलेलं लग्न मोडलं. मला आपली हरभऱ्याच्या डाळीची, हळदीची आठवण यायची. उन्हाळ्यातल्या एका सणाला तिनं केस धुवायला पाणी उकळलं, तर वास ओळखीचा! मी पातेल्यात डोकावले. वेखंड! आपण तान्ह्या पोराच्या टाळूला लावतो ते वेखंड. हाल्मोनीला वाटलं, मला ठसका लागला. मी हसत होते.

आणि मग करडई. तिथं लग्नात नवरीच्या दोन्ही गालांवर आणि कपाळावर लाल ठिपके देतात. तो लाल रंग पूर्वी करडईच्या पाकळ्यांचा करत. पाकळ्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायच्या, सगळा पिवळा रंग जाऊ द्यायचा; मग राखेच्या पाण्यात त्यातला लाल रंग सुटतो आणि आंबट रस घातला की खाली बसतो. पसाभर फुलांतून बोटाच्या पेराएवढा रंग. आता सगळे कागदाच्या टिकल्या चिकटवतात. हाल्मोनीच्या नातीचं लग्न एप्रिलात ठरलं होतं. "तिच्या आईचे ठिपके मी केले होते. हिलाही कागद नको. पण आता आमच्याकडं करडई लावतंय कोण?" म्हातारी अविनाशला सांगत होती.

मी छाती ठोकून म्हणाले, "तिला सांग, आमच्याकडं बारामती-इंदापुरात नजर पोचेपर्यंत करडई असते. पोतंभर पाठवते!"

हाल्मोनीनं माझे दोन्ही हात धरले. आता बोला.

इंदापूर

पोतंभर, म्हणे. माझं सासर इंदापूरच्या पुढं. सत्तावन्न साली नवी नवरी म्हणून बैलगाडीतून उतरले तेव्हा दोन्ही बाजूंनी करडई पिवळीधमक फुललेली, हे माझ्या डोळ्यांपुढं होतं. त्या भरवशावर मी थापा मारल्या होत्या. बारामती सोडली आणि एसटीच्या खिडकीतून बघत राहिले. ऊस. मग ऊस. मग उसाच्या बैलगाड्या, मग उसाचे ट्रॅक्टर, आणि मग ऊस. इंदापूरपर्यंत मी एक पिवळं फूल पाहिलं नाही.

सासरी आता माझे चुलतदीर तात्या आणि त्यांची बायको. तात्यांनी चहा, चिक्की, उसाचा रस सगळं पुढं केलं, आणि मग माझं काम ऐकून मांडीवर थाप मारली.

"करडई? वैनी, पाटाचं पानी आलं त्यालाच किती वर्सं झाली! त्या काट्यात आता कोन हात घालतंय? आमी तेलसुदिक दुकानातनं आनतो."

"एखादा पाटा, करडईची एखादी ओळ तरी असेल कोणाच्या ज्वारीत?"

"ज्वारीच न्हाय तर पाटा कुठला? तुमी असं करा, चार दिवस ऱ्हावा, कारखाना बघा, गुळाची ढेप घिऊन जावा तुमच्या म्हातारीला. गूळ लावूंदे गालाला!"

तात्या माणूस चांगला, पण स्वतःच्या विनोदाला स्वतःच सगळ्यात जास्त हसतो. मला हसू आलं नाही.

संक्रांतीनंतरचे दिवस. संध्याकाळी तात्यांच्या बायकोला शेजारून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. बोलवायला आलेली मुलगी माझ्याकडं बघून घुटमळली आणि मग चपला बघत निघून गेली. तिची काही चूक नाही. मी स्वतः आयुष्यभर तसंच केलंय. घरात मी एकटी उरले. पलीकडून बांगड्यांचे आणि हसण्याचे आवाज येत होते. मी तात्यांच्या टीव्हीचं बटण फिरवलं, तर वीज गेली.

नरसिंहपूर

तात्या म्हणाले, नरसिंहपूरच्या अंगाला कोणीतरी अजून लावतं म्हणे. गेले. भीमा आणि नीरा जिथं मिळतात तिथं उंचावर नरसिंहाचं देऊळ आहे. घाटाच्या पायऱ्या उतरून मी पाण्याशी बसले. एक म्हातारी लुगड्यानिशी बुचकळ्या मारत होती, आणि मागं हात वळवून पाठ चोळायचा प्रयत्न करत होती. हात काही पोचेना. माझ्या मनात आलं, उठावं आणि विचारावं, आजी, मी घासू का पाठ? कोरियात मी सहज विचारलं असतं. इथं माझ्याच मुलखात, माझ्याच भाषेत मला तोंड उघडवेना. वेडी म्हणाली असती. म्हातारी नाद सोडून वर निघून गेली आणि मी तिथंच बसून राहिले. स्वतःचा राग आला.

देवळाच्या बाहेर एक बाई भाजी विकत होती, आणि तिच्या पाटीत चक्क करडई! कोवळ्या पानांच्या जुड्या.

"फुलं आहेत का गं शेतात हिला?"

"फुलं?" ती म्हणाली. "फुलाला ऱ्हातीय कुठं, मावशी? हाताएवढी झाली की खुडायची. भाजीच लावलीय ती. फुलल्यावर काटं येत्यात, मग कोन खानार?"

मी दोन जुड्या घेतल्या. नको तर कशाला घेतल्या, देवाला ठाऊक. परतीच्या एसटीत त्या मांडीवर घेऊन बसले. हाल्मोनी माझ्या फुलांची वाट बघत असेल, आणि मी तिला भाजी पाठवणार. आता एकच ठिकाण उरलं होतं, आणि तिथंच सगळ्यात आधी जायला हवं होतं. पण माझं पाऊल तिकडं वळत नव्हतं.

लोणी भापकर

लोणी माझं माहेर. बारामतीच्या या अंगाला पाटाचं पाणी नाही. ज्वारी-बाजरी, शेळ्या आणि वारा. आईवडील गेले, दहा वर्षांपूर्वी भाऊ गेला. उरली माझी वहिनी, शेवंता. पोरीचं लग्न करून दिल्यावर ती तिथं एकटीच राहते. भांडण नव्हतं आमचं. भाऊ गेल्यावर एकदा भाचीच्या लग्नाला तेवढी गेले, पुढं जायला कारण उरलं नाही, आणि मग इतके दिवस झाले की जायची लाज वाटायला लागली. पुण्याहून येताना एसटी लोणीच्या फाट्यावरूनच गेली होती. तेव्हा मी दुसरीकडं बघितलं होतं.

वहिनी अंगणात तुरी झोडत होती. मला बघून हातातलं दांडकं तसंच राहिलं.

"वन्सं? कोन गेलं?" तिनं घाबरून विचारलं.

"कोणी नाही गं गेलं. फुलं पाहिजेत, करडईची."

"एवढंच व्हय!" म्हणाली, आणि मग तिला एकदम हसू फुटलं. "रानात चला की. ज्वारीत सात पाटं हायती."

सात पाटे! हिरव्या ज्वारीत पिवळ्या-केशरी सात ओळी. मी बांधावर मटकन बसले. वहिनी म्हणाली, आता नको, उन्हात काटा सुईवानी होतो. सकाळच्या दवात नरम असतो. हाल्मोनीनं अगदी हेच सांगितलं होतं: दव असताना, आणि फूल उतरणीला लागून लालसर झालं की. त्या दोघींची गाठ पडली असती तर मला मध्ये बोलायला जागा मिळाली नसती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही दोघी हाताला फडकी गुंडाळून गेलो. तरी बोटं रक्ताळली. ऊन चढेपर्यंत सूप भरलं. धाब्याच्या खोलीत, सावलीत, पांढऱ्या धोतरावर पाकळ्या पसरल्या. जेवताना, नरसिंहपूरच्या त्या करडईच्या भाजीबरोबर भाकरी खाताना, मी वहिनीला सगळी हकीकत सांगितली: हाल्मोनी, न्हाणीघर, नातीचं लग्न, कपाळावरचा ठिपका. वहिनी ऐकत होती. नवरीचं ऐकल्यावर तिचा घास हातातच राहिला. मला वाटलं, थकली असेल.

तिसऱ्या दिवशी पाकळ्या वाळत होत्या, म्हणून मी एसटीनं मोरगावला गणपतीला जाऊन आले. देवाला म्हटलं, माझी लाज राखलीस. परत आले, खोलीत गेले आणि दारातच थबकले. धोतरावरच्या पाकळ्या पिवळ्याजर्द झाल्या होत्या. हळद! सगळ्या पाकळ्या हळदीत कालवलेल्या.

"वहिनी! हे काय केलंस?"

"लगनाचं सामान हाय न्हवं," ती म्हणाली. "बिनहळदीचं कसं धाडायचं? आन् मी न्हाय हात लावला, वन्सं. शेजारच्या सखूला बोलवली. सवाष्ण हाय, पोराबाळाची हाय. तिच्या हातनं चोळून घेतली."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. माझी जीभ फटकळ, सगळ्या नात्यात ठाऊक आहे. हळदीचा रंग पाण्यानं जात नाही. उलट राखेच्या पाण्यात ती लालभडक होते, कुंकवासारखी, आणि आंबट पडलं की पुन्हा पिवळी. म्हातारीला वाटलं असतं, रंग आला, रंग आला, आणि शेवटी हातात पिवळं पाणी. मी ओरडले, अडाणी म्हणाले, आणखी काय काय म्हणाले. वहिनी दाराला टेकून उभी होती.

"मग काय करायचं हुतं?" ती एकदम म्हणाली. "दोन रांडमुंड बायकांनी तोडलेली फुलं नवरीच्या कपाळाला लावायची? कुनाच्या लेकीचं वाटुळं झालं मजी?"

"अगं, ती म्हातारीसुद्धा विधवाच आहे! तीच रंग करणार. तीच लावणार."

वहिनी म्हणाली, "सवताच्या हातानं?"

"स्वतःच्या हातानं."

"नवरीला?"

"नवरीला. तिच्या आईलाही तिनंच लावला होता."

वहिनी खाली बसली. मग तिनं मला तिच्या पोरीच्या लग्नाचं सांगितलं. बाप गेल्यावर पोर हिनं एकटीनं वाढवली. हळदीच्या दिवशी ती परसात भांडी घासत होती. अक्षता पडल्या तेव्हा चुलीपाशी. कोणी जा म्हणालं नव्हतं, तीच गेली. "पोरगी जाताना पाया पडाया आली, तवा तिच्या तोंडाला हात लावला न्हाय मी," म्हणाली. "हळद वली हुती."

त्या लग्नाला मीही होते, नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी कोठीच्या खोलीत लाडवांच्या पाट्यांवर लक्ष ठेवत बसले होते, आणि मलाही कोणी तिथं बस म्हटलं नव्हतं. मधे एक भिंत होती. आम्ही दोघी दोन बाजूंना बसलो होतो आणि एकीनंही दुसरीला हाक मारली नाही. हे मी वहिनीला सांगितलं. मग अडाणी म्हटल्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो," आणि नाक पुसलं.

हळदीच्या पाकळ्या शेळीपुढं टाकल्या. तिनंही तोंड फिरवलं.

चौथ्या दिवशी पुन्हा रानात. मागं राहिलेली, बांधाच्या सावलीत उशिरा फुललेली बोंडं तेवढी होती. पहिल्या बोंडाशी वहिनी थांबली. तिनं हाताची फडकी सोडून टाकली आणि उघड्या बोटांनी पाकळ्या उपटल्या. मी म्हटलं, काटे लागतील. म्हणाली, "लागूं द्या." सातही पाटे हिंडून एक मूठ जमली. पोतंभराची मूठभर झाली.

परत आल्यावर तिनं चुलीवर पाणी तापवलं. मी न्हाणीत बसले, तर ती मागून आली, हातात घोसाळ्याची वाळकी जाळी.

"पाठ द्या हिकडं, वन्सं. तुमच्या म्हातारीवानी न्हाय जमायचं मला." चांगलं जमलं. मग मी तिची घासली. तिची पाठ इतकी बारीक झाली होती, मला माहीतच नव्हतं.

पुन्हा लोणी

पाकळ्या अविनाशच्या एका मित्राबरोबर गेल्या. एप्रिल संपला, आणि मेमध्ये पाकीट आलं. आत चिठ्ठी आणि एक फोटो. चिठ्ठीत अविनाशनं लिहिलं होतं की तीन ठिपके पुरले, चौथ्याला रंग उरला नाही.

मी लोणीची एसटी धरली. वहिनीनं आधी हात धुतले, पदराला पुसले, मग फोटो कडेनं धरून उंबऱ्यात उजेडाला बसली. गोरी पोर, रेशमी झगा, दोन गालांवर आणि कपाळावर लाल ठिपके.

"ह्यो आपलाच का रंग?"

"आपलाच."

"लाल आलाय बरं का." तिनं बोटानं फोटोला न लावता ते ठिपके दाखवले. मग म्हणाली, "आन् म्हातारी कुठाय ह्यात?"

मी दाखवली. नवरीच्या अगदी शेजारी, सगळ्यांच्या पुढं, केस चापून बसवलेली हाल्मोनी उभी होती. तिचा हात नवरीच्या गालाला होता.

वहिनीनं फोटो डोळ्यांजवळ नेला.

"पुढं उभी हाय, वन्सं," ती म्हणाली.

मी निघाले तेव्हा तिनं फोटो परत दिला नाही, आणि मीही मागितला नाही.